बाकांना हात दिलेत, त्याबद्दल

सप्रेम नमस्कार.

आमच्या बागेच्या सुधारणांसाठी देणगी देणारे तुम्ही कोण, ते बागेच्या फाटकापाशी कुठेही लिहिलेलं नाही. पुण्यात संगमरवरी पाटीशिवाय देणगी दिली जाते, यावर आमच्या सकाळच्या कट्ट्याचा अजून विश्वास बसलेला नाही. माळीदादांना विचारलं तर ते नुसते हसतात. म्हणून हे जाहीर पत्र.

पहिले आभार बाकांचे. जुनी सिमेंटची बाकं दिसायला धडधाकट, पण बुटकी आणि बिनहातांची. गुडघे गेलेल्या माणसाला बसणं जमतं हो, उठताना काहीतरी धरायला लागतं. आमच्यातल्या काहीजणी त्या भीतीने एक फेरी मारून उभ्या उभ्याच घरी परतायच्या. आता बाकं उंच आहेत, दोन्हीकडे हात आहेत, शेजारी व्हीलचेअर लावायला जागासुद्धा सोडली आहे. मागवण्याआधी तुमच्यातलं कुणीतरी एखाद्या आजीशी बोललेलं असणार, एवढं नक्की.

झाडांच्या बुंध्यांना आवळून बसलेले पेव्हर ब्लॉक काढून आळी मोकळी केलीत. पूर्वी पावसाचं पाणी थेट गटारात जायचं, आता मुळांशी मुरतं. आणि ते पाचोळ्याचे खड्डे! पानगळ सुरू झाली की कुणीतरी ढीग पेटवायचंच. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांनी मनाई आहे, पण काडी लावणारा नियम वाचून थोडाच येतो? आता पाचोळ्यावर शेणकाला शिंपडतात, ओल राखतात, मधून मधून खालीवर करतात. काही महिन्यांत खत होतं आणि त्याच आळ्यांत पडतं.

आपल्या पुण्यातल्या बंडगार्डनचा नदीवरचा बंधारा १८५०च्या सुमारास सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून झाला, तो पाण्याच्या सोयीसाठी. बाग मागाहून आली. तुम्हीही रंगीत कारंजं बसवण्याऐवजी ठिबकच्या नळ्या आणि माळ्यांच्या अवजारांची खोली निवडलीत. फोटो काढावा असं त्यात काहीच नाही, आणि मला नेमकं तेच आवडलं.

एक विनंती आहे. रविवारी सकाळी खत चाळायला आम्ही काहीजण जमतो, माणसं कमी पडतात. कधी तरी या. ओळख सांगितली नाहीत तरी चालेल, घमेलं मात्र उचलावं लागेल.

आपली,
बागेत रोज फिरायला येणारी एक आजी, कोथरूड