नळ आणि मागचं दार यांच्यामध्ये

लीड्स,
५ मे

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

सुट्टी लागली की तू महिनाअखेरीस नाशिकहून इंदूरला जाणार, असं आईनं काल सांगितलं. म्हणून मुद्दाम लिहायला बसलोय. फोनवर मी झाडांबद्दल बोलायला लागलो की तू "हो हो" म्हणत पोळ्या लाटतेस, आणि हे काम माप घेऊन करायचं आहे.

परवाच्या वर्षी डिसेंबरात मी लोकमान्य नगरच्या घरामागे, पार जुन्या हौदापलीकडे, एक वाफा केला होता. फोटो पाठवले होते तुम्हा सगळ्यांना. रोझमेरी, थाइम, सेज आणि कडेला पुदिना. नर्सरीतून रोपं आणली, दोरी लावून ओळी आखल्या, पाट्यासुद्धा लिहिल्या. मे महिन्यात निम्मं वाळलं, उरलेलं ऑगस्टच्या झडीत कुजलं. आईनं त्यातलं एक पान कधी तोडलं नाही. "गेलं रे तुझं ते विलायती गवत," असं तिनं कळवलं तेव्हा तिच्या आवाजात मला जरा सुटकाच ऐकू आली.

चूक सगळी माझी. रोझमेरी आणि थाइम ही भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ उतारांवरची झाडं. मुळाशी पाणी थांबलं की ती मरतात. आणि आपली माळव्याची काळी माती कशी, तर पावसात फुगून चिकणी होणार, उन्हाळ्यात पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडणार. 'डग डग रोटी, पग पग नीर' म्हणतात ना माळव्याला, ते नीर रोझमेरीला भोवलं. शिवाय जागा कुठली निवडली? हौदापलीकडची, कारण तिथे फोटो छान येत होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई तिथवर जातच नाही, हे मला दिसत होतं आणि तरी सुचलं नाही. इकडे मला जी बाग हवीशी वाटते तीच मी तिच्या अंगणात लावून आलो. आता ठेलेवाला कोथिंबीर फुकट देत नाही आणि देतो ती पिवळी असते, असं ती रोज सांगते. तेव्हा या खेपेला तिची बाग करू. म्हणजे तू कर, मी इथून मुकादमगिरी करतो.

जागा एकच: मागचं दार आणि नळ यांच्या मधली, कुंपणाच्या भिंतीलगतची. आई भांडी विसळायला, पाय धुवायला दिवसातून दहादा तिथून जाते. भिंत पूर्वेकडची असली तरी बुटकी आहे, त्यामुळे आठनंतर दुपारपर्यंत ऊन मिळतं. मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तिसऱ्या प्रहरी घराचीच सावली पडते. पानांच्या झाडांना याहून बरी जागा आपल्या घरात नाही.

वाफा जमिनीवर नको, उंच हवा. विटांचा, आठ फूट लांब. आतली मातीची रुंदी दीड फूटच ठेव, त्याहून जास्त नको. गवंडी म्हणेल, "जगा तो बहोत है, तीन फुट कर दो." ऐकू नकोस. एकाच बाजूनं हात घालायचा आहे, भिंतीकडचं रोप आईला बसल्या जागी गाठता आलं पाहिजे. बसायचं कशावर? कठड्यावरच. म्हणून पुढची भिंत नऊ इंची बांधायची आणि वरून घोटून गुळगुळीत करायची. वाफ्याची मागची भिंत कुंपणाला चिकटवू नका, चार बोटं फट सोडा, नाहीतर ओल धरेल. खालच्या थरात दर दोन फुटांवर एक सांधा सिमेंटशिवाय कोरा ठेवायला सांग. पाणी तिथून निघून गेलं नाही तर मातीच्या फुगण्यानं भिंतीला तडा जाईल. तळाला फरशी किंवा कोबा अजिबात नको, खाली जमीनच राहू दे.

आत तळाला एक तृतीयांश वाळक्या फांद्या, पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या. वर दोन पाट्या अंगणातली माती, एक पाटी कुजलेलं खत, एक पाटी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), या हिशेबानं. काळ्या मातीत वाळू घालून ती भुसभुशीत होते असं शेजारचे काका सांगतील. थोड्या वाळूनं ती उलट विटेसारखी घट्ट होते, मोकळी करतं ते खतच. दिवाळीपर्यंत सगळं वीतभर खाली बसेल, तेव्हा वरून भर घालावी लागेल.

खतावरून एक गंमत सांगतो. इथे मी पालिकेकडून भाड्यानं बागेचा एक पट्टा घेतलाय, लोक ज्याला अलॉटमेंट म्हणतात तो. शेजारच्या पट्ट्यावरचे आजोबा पहिल्याच आठवड्यात मला खताचा ढीग रचायला शिकवायला लागले. खाली काटक्या, मग हिरवा कचरा, मग शेण, मग माती नि थोडी राख, पाणी शिंपायचं, थर चढवायचे, अधूनमधून उलथायचं, तीन महिन्यांत खत तयार. "याला इनडोअर पद्धत म्हणतात," म्हणाले, "पण घरात का करायची ते मला आजतागायत कळलेलं नाही." मी विचारलं, कुठे वाचलंत? त्यांनी जुनं मासिक दाखवलं. तिथे इंदोर लिहिलं होतं! आपलं इंदूर! अल्बर्ट हॉवर्ड नावाचा साहेब १९२४ पासून १९३१ पर्यंत आपल्याकडे होता, आताचं कृषी महाविद्यालय आहे ना, तिथे. होळकर दरबारानं दिलेल्या जमिनीवर त्याची संस्था होती. शेतकरी जे करत होता ते बघून, मोजून त्यानं ही पद्धत बसवली. या पद्धतीवरच्या त्याच्या १९३१ च्या पुस्तकावर त्याच्या नावाशेजारी दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले होते तेव्हा तेही ही पद्धत बघून गेले. आणि मी त्याच कॉलेजच्या कुंपणावरून चिंचा पाडल्या, पण खत शिकायला मला लीड्सला यावं लागलं. आजोबांना मी सांगितलं की ते माझं गाव. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मग तुझा ढीग असा का?"

तेव्हा आईला सांग, घंटागाडीत ओला कचरा सगळा देऊन टाकू नकोस, भाज्यांची देठं नि सालं ठेव. ती म्हणेल, स्वच्छतेतला शहराचा नंबर जाईल. एका घराच्या देठांनी जात नाही म्हणावं.

आता लावायचं काय. फार नको. आई खरंच तोडेल तेवढंच.

पुदिना दाराजवळ, पण मोकळा सोडू नकोस. त्याचे धुमारे मातीखालून पळतात आणि वर्षभरात वाफा त्याचा होतो. मातीची मोठी कुंडी काठापर्यंत वाफ्यात पूर आणि त्यात लाव. रोप विकत घ्यायला नको, जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठ-दहा दिवसांत मुळं येतात. ओव्याच्या पानांची एक फांदी शेजारच्या काकूंकडे माग, जाडसर, लवदार पानांची. ती तशीच मातीत खोचली तरी जगते, आणि पावसाळ्यात भजी होतात. गवती चहा वाफ्यात नको, त्याचा बुंधा पसरतो आणि पानांनी हात कापतात. नळाचं पाणी वाहून जातं तिथे जमिनीत लाव. आल्याचा डोळे फुटलेला तुकडा जूनमध्ये पुरून ठेव, आठ-नऊ महिने विसरून जा. कढीपत्ता बाबांनी लावलेला आहेच, त्याला फक्त खत दे. तुळशीला जागेवरून हलवू नका. माझी इथली तुळस दर हिवाळ्यात खिडकीत काळी पडते. दरवर्षी मी पुन्हा बी पेरतो.

कोथिंबीर जूनमध्ये लावायचा मोह होईल, लावू नका. झडीत कोवळी रोपं सडतात. मधला तीन फुटांचा तुकडा तिच्यासाठी मोकळा ठेव. घटस्थापनेच्या सुमारास आईच पेरील, आणि मग दर पंधरा दिवसांनी एकेक ओळ, माघ संपेपर्यंत. उन्हाळा लागला की ती तुरे काढून धण्यावर जाते. इथे तर जूनमध्ये सतरा तास उजेड असतो, माझी कोथिंबीर वीतभर होते न होते तोच फुलायला लागते. पोह्यांवर घालायला मी चार पानं मोजून तोडतो.

बांधकाम पहिल्या पावसाआधी उरकलं पाहिजे, लावणी दोन चांगले पाऊस झाल्यावर. पैसे मी दाजींच्या खात्यात टाकलेत, आईला आकडा सांगू नकोस. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

एकच काम आधी कर. कठड्याची उंची मी लिहिलेली नाही, तुझ्या लक्षात आलं असेल. आई जेवायला बसते ती खुर्ची जमिनीपासून किती उंच आहे ते टेपनं मोजून मला कळव. तिच्यावरून ती हात न टेकता उठते, मी पाहिलंय. कठडा तेवढाच हवा.

तुझा,
धाकटा

ता. क. धणे दुकानातून बी म्हणून घेऊ नका, घरातलेच चालतात, न भाजलेले. पोत्यावर पसरून चपलेनं हलके रगडायचे, दोन फाका झाल्या की बास. चपलेचं काम आई करू देणार नाही. मग लाटणं.