निळ्या खोलीतलं टेबल

प्रिय अरविंद,

गेल्या आठवड्यात व्हाइट हाउस आतून पाहिलं. ताईनं तिच्या भागातल्या काँग्रेस (अमेरिकी संसद) सदस्याच्या कार्यालयामार्फत दोन महिने आधीच अर्ज करून ठेवला होता. रांगेतून एकेक दालन बघत पुढे सरकत होतो आणि ब्लू रूमशी आल्यावर पाय थांबले ते थांबलेच. मागची माणसं बाजूनं निघून गेली. तू बरोबर असतास तर दोघांनाही तिथून हलवावं लागलं असतं. घरी आल्यापासून त्या खोलीबद्दल मिळेल ते वाचतोय. लाकूड, वर्ख आणि गादीकाम यातलं तुझ्याइतकं मी कुणाला कळताना पाहिलेलं नाही, म्हणून हे सगळं तुलाच लिहितोय.

खोली लंबवर्तुळाकार आहे. साधारण चाळीस फूट लांब, तीस फूट रुंद. दक्षिणेला तीन उंच खिडक्या आणि त्यांतून थेट हिरवळ दिसते. राष्ट्राध्यक्ष पाहुण्यांना भेटतात ती ही खोली. नाव ‘ब्लू’, पण भिंती निळ्या नाहीतच! भिंतींचा कागद फिकट सोनेरी आहे. निळा रंग आहे तो पडद्यांना, खुर्च्यांच्या कापडाला आणि भिंतीच्या वरच्या कडेनं फिरवलेल्या पट्टीला. ती पट्टी अशी छापली आहे की कापडाची झालरच सोडल्यासारखी वाटते. ही सजावट १९९५ची, क्लिंटन यांच्या काळातली.

खोलीचा आकार असा का, हे वाचलं आणि मला फार गंमत वाटली. जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः या घरात कधी राहिले नाहीत. ते फिलाडेल्फियात राहत होते, तिथे त्यांनी घराच्या मागच्या बाजूच्या भिंती बाहेर फुगवून गोलाकार करून घेतल्या होत्या. कारण त्यांची पाहुण्यांना भेटण्याची रीत. पाहुणे गोलाकार उभे राहायचे, राष्ट्राध्यक्ष एका टोकापासून सुरुवात करून प्रत्येकापुढे थांबायचे, किंचित वाकायचे, दोन शब्द बोलायचे. हस्तांदोलन नाही. सगळे सारख्याच अंतरावर, कोपऱ्यात कुणीच नाही. वास्तुरचनाकार जेम्स होबन यांनी नव्या घराचा आराखडा केला तेव्हा दक्षिणेच्या बाजूला हाच गोलवा आला. पण जेफरसन १८०१मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांना ही दरबारी रीत मुळीच मान्य नव्हती. त्यांनी ती बंद केली आणि सरळ हात मिळवायला सुरुवात केली. म्हणजे ज्या रिवाजासाठी खोली गोल केली, तो घर वापरात आल्यावर वर्षभरही टिकला नाही. आकार मात्र राहिला.

तुला सामानाबद्दल वाचायची घाई असणार, ठाऊक आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांच्या काळात लॅट्रोब या वास्तुरचनाकारानं इथे ग्रीक धाटणीच्या खुर्च्या आणि सोफे खास करवून घेतले होते. २४ ऑगस्ट १८१४ला ब्रिटिशांनी घर पेटवलं आणि त्यात सगळं गेलं.

पुढचे राष्ट्राध्यक्ष मन्रो. घर पुन्हा बांधलं जात होतं आणि आत ठेवायला काही नव्हतं. मन्रो पूर्वी पॅरिसला राजदूत होते, त्यांनी १८१७मध्ये फ्रान्समधल्या दलालांकडे या खोलीसाठी सामानाची मागणी नोंदवली. महोगनी लाकडाचं सामान पाठवा, असं सांगितलं होतं. दलालांनी उलट कळवलं की प्रतिष्ठित माणसाच्या खासगी घरातसुद्धा दिवाणखान्यात महोगनी ठेवत नाहीत. आणि पाठवलं काय, तर पॅरिसच्या बेलांजे या कारागिराकडून बीचच्या लाकडाचा, सोन्याचा वर्ख दिलेला ५३ नगांचा संच! खुर्च्या, सोफे, पायठेवणी, सगळं. त्यावर किरमिजी रेशीम. हो, किरमिजी. तेव्हा खोली निळी नव्हतीच. निळा रंग आला तो १८३७मध्ये, राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरेन यांच्या वेळी.

घड्याळांबाबत मन्रोंची अट होती की त्यावर उघड्या अंगाच्या आकृती नकोत. त्या काळच्या पॅरिसमध्ये असं घड्याळ मिळवणं दलालांना जड गेलं. शेवटी आलेल्या घड्याळांत एकावर प्राचीन कार्थेजचा सेनापती हॅनिबल आहे, ब्राँझचा, सोनेरी मुलाम्याचा, नखशिखांत पोशाखात. ते घड्याळ आजही व्हाइट हाउसमध्ये आहे. एवढा परदेशी माल पुढे काँग्रेसला रुचला नसावा, कारण १८२६मध्ये त्यांनी कायदाच केला की राष्ट्राध्यक्षांच्या घरासाठी घेतलेलं सामान शक्यतो देशातच बनलेलं असावं.

आता जे सांगणार आहे ते वाचून मला रात्री नीट झोप लागली नाही. १८६०मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी हा बेलांजेचा संच लिलावात काढला. जुना झाला, फॅशन बदलली, म्हणून. त्याजागी फिलाडेल्फियाच्या व्होल्मर यांच्याकडचं नागमोडी कोरीवकामाचं नवं सामान आलं. खुर्च्या एकेक करून लोकांच्या घरी गेल्या. त्या संचातलं भिंतीलगतचं संगमरवरी माथ्याचं एक टेबल तेवढं मागे राहिलं. त्या काळी सरकारी घराचं सामान म्हणजे वापरायचं आणि खराब झालं की विकायचं, एवढाच व्यवहार. तुझ्या दुकानात मोडक्या पायाची खुर्ची टाकून जाणारी माणसं आठवली.

पुढची चाळीस वर्षं भराभर सांगतो. १८८२मध्ये राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी टिफनी या सजावटकारांकडून खोली आकाशी करून घेतली. २ जून १८८६ला क्लीव्हलंड यांचं लग्न इथेच झालं, मोजक्या पाहुण्यांसमोर. पदावर असताना खुद्द या घरात लग्न लागलेले ते एकमेव राष्ट्राध्यक्ष. १९०२मध्ये वास्तुरचनाकार मॅककिम यांनी मन्रोंच्या काळाकडे बघत खोली नव्यानं सजवली, तेव्हा त्या जुन्या धर्तीच्या खुर्च्या करवून घेतल्या.

मग १९६१ साल. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जॅकलिन केनेडी घराच्या कोठारातल्या सामानात हिंडत होत्या आणि ते भिंतीलगतचं टेबल त्यांना मिळालं. त्यांनी ते दुरुस्त करून पुन्हा खोलीत आणलं. बाकीचा संच कुठे गेला याचा शोध सुरू झाला. मूळ खुर्च्या देणगी म्हणून परत येऊ लागल्या. ज्या मिळाल्या नाहीत त्यांच्या १९६२मध्ये हुबेहूब प्रती केल्या. त्याच १९६१मध्ये कायदा झाला की इथलं ऐतिहासिक सामान कायमचं राष्ट्राच्या मालकीचं, कुणा राष्ट्राध्यक्षानं विकायचं नाही. शंभर वर्षं उशीर झाला, पण झाला.

आता मूळ मुद्दा. खोलीच्या मधोमध एक संगमरवरी माथ्याचं गोल टेबल आहे. तेही मन्रोंनीच १८१७मध्ये घेतलेलं आणि तेव्हापासून ते या घराच्याच सामानात राहिलेलं आहे. १९४८ ते १९५२ या काळात राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी घराची डागडुजी काढली तेव्हा आतलं बांधकाम इतकं खचलेलं निघालं की बाहेरच्या भिंती तेवढ्या ठेवून आतलं सगळं पाडलं आणि पोलादी सांगाड्यावर नव्यानं उभारलं. म्हणजे ही लंबवर्तुळाकार खोलीसुद्धा आतून १९५२ची! आपण समजतो की भिंती जुन्या असतात आणि सामान येतं-जातं. इथे उलटं आहे, अरविंद. टेबल जुनं आहे आणि त्याच्याभोवती खोली नव्यानं बांधली. हे लक्षात आल्यापासून मला त्या टेबलाशिवाय दुसरं काही आठवत नाही. संगमरवरावर खिडकीतून आलेला उजेड पडला होता आणि कडेजवळ एक बारीक राखाडी शीर होती, बोटभर लांब.

नाताळात मात्र त्यालाही जागा सोडावी लागते. तेव्हा मधलं झुंबर उतरवतात आणि अठरा फुटांच्या आसपास उंचीचं झाड उभं करतात. ते छताला बांधलेलं असतं.

खोलीत सिक्रेट सर्व्हिसचा, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा दलाचा, गणवेशातला अधिकारी उभा होता. तो फार प्रेमानं प्रश्नांची उत्तरं देत होता. मी विचारलं, खुर्च्यांच्या पाठीवरचा गरुड कुठून आला? म्हणाला, मन्रोंच्या एका चित्रात खुर्ची रंगवलेली आहे, तिच्यावरून. घरी येऊन पाहिलं, बरोबर होतं. मन्रोंचं एक चित्र त्या खोलीतही लावलेलं असतं. ते काढलंय सॅम्युएल मोर्स यांनी, तारायंत्रवाले मोर्स तेच. आधी ते चित्रकार होते.

पूर्वी आत फोटो काढू देत नसत, २०१५पासून देतात. म्हणून चार फोटो सोबत पाठवतोय. दोनमध्ये खुर्च्या जवळून आहेत. त्यांतल्या काही १८१७च्या आणि काही १९६२च्या असणार. मी कितीतरी वेळ बघत बसलो, मला ओळखता आल्या नाहीत. वर्ख सगळीकडे सारखाच झळकतोय. तू भिंगाखाली बघ. हाताच्या टोकाशी कोरीवकाम जिथे वळतं तिथे आणि पायांच्या आतल्या बाजूला. आणि सवडीनं कळव, कोणती कोणती ते.

तुझा,
विनायक