जुनी जिप्सी घेण्याआधी : मित्रास पत्र

कोल्हापूर,
दि. ८ जून २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे फोटो परवा मिळाले. ताडोब्याच्या सफारीला वापरलेली एक जिप्सी (मारुतीची, चारही चाकांना ताकद देता येणारी जीपसारखी गाडी) विकायला निघाली आहे, ती घेऊन तिला मोठे टायर, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) आणि टपावर दिव्यांची पट्टी बसवायची तुझी इच्छा आहे, आणि इसार देण्याआधी माझे मत हवे आहे, असे तू लिहिले आहेस. तीन वर्षांपूर्वी मी याच वाटेने गेलो असल्यामुळे जे कळले ते सविस्तर लिहितो. फोटोंविषयी एवढेच सांगतो की सातही फोटोंत रंग दिसतो, पण गाडीच्या पोटाखालचा एकही फोटो नाही.

मी गाडी घ्यायला निघालो तेव्हा पुण्यात एका विक्रेत्याकडे अशीच एक देखणी जिप्सी पाहिली होती. नवा हिरवा रंग, रुंद टायर, पुढे जाड लोखंडी गार्ड. मी तर मनाने ती घेऊनच टाकली होती. माझ्यासोबत आमचे जुने मिस्त्री होते. त्यांनी इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. चालकाच्या सीटमागची रबरी मॅट उचलली आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर ठोकत गेले. दोन-तीन ठिकाणी खणखणीत आवाज आला आणि मग एका जागी तो एकदम बसका झाला. तिथे त्यांनी टोक दाबताच रंगाचा पापुद्रा निघाला, खाली भरलेली पुटी भुकटीसारखी गळून पडली आणि भोकातून खालची जमीन दिसली. मग ते गोणपाट अंथरून गाडीखाली गेले. मागच्या पाट्याचा, म्हणजे चाकावरच्या कमानीसारख्या स्प्रिंगचा, ब्रॅकेट जिथे चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेला असतो, तिथे चासीवर वेल्डिंगने ठिगळ लावून वरून काळा रंग फासलेला होता. ती गाडी आम्ही सोडली. ते ठिगळ मला आजही डोळ्यांसमोर दिसते, कारण त्या सांध्यावर घाटात माझ्या घरच्यांचा जीव अवलंबून राहिला असता.

जिप्सी ही चासीवर बसवलेली गाडी आहे. इंजिन पुन्हा बांधता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, पत्राही नवा घालता येतो. पण गंजलेली किंवा वाकलेली चासी घेतली तर पुढचा सगळा पैसा मातीत जातो. म्हणून तू गाडी उजेडात, रॅम्पवर चढवून पाहा. चासीवर कोरलेला नंबर आरसी बुकाशी अक्षर न अक्षर ताडून पाहा. आरटीओत घेतात तसा कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतला तर खाडाखोड लपत नाही. पुढचे चाक जॅकवर उचल, वर आणि खाली धरून हलव. खडखडले तर बेअरिंग किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळते ती खीळ) गेलेली असते, आणि अशाच गाडीचे स्टिअरिंग वेगात थरथरते. शेवटी लो गिअर (कमी वेगाचा, जास्त जोराचा) टाकून चढावर ने आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचल. गिअर आपोआप निसटला तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) उघडावी लागणार, हे गृहीत धरून भाव कर.

तुझ्या गाडीबाबत आणखी दोन शंका आहेत. सफारीची गाडी सहसा पर्यटक वाहन म्हणून नोंदलेली असते, तिची पाटी पिवळी असते. ती खासगी नावावर करायची तर आरटीओत वेगळी प्रक्रिया आहे, आणि ती आधीच्या मालकाकडूनच पूर्ण करून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. दुसरे म्हणजे, पर्यटकांच्या उंच बाकांसाठी अशा गाड्यांचा मागचा भाग अनेकदा कापलेला असतो. तुझ्या तिसऱ्या फोटोत मला तसाच काप दिसतो. विकणाऱ्याच्या हमीपत्रावर विसंबू नकोस. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन नाव बदलेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नकोस. गाडीला पंधरा वर्षे झाली असतील तर फॉर्म २५ भरून, गाडी तपासणीला नेऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. माझी गाडी २००९ ची, तिची नोंदणी मी गेल्या वर्षीच वाढवून घेतली.

आता बदलांविषयी, कारण तुझा सगळा ओढा तिकडे आहे. जिप्सीचे बळ तिच्या हलकेपणात आहे. इंजिन १२९८ सीसीचे, ताकद ८० अश्वशक्तीची, आणि उघड्या टपाच्या गाडीचे वजन जेमतेम एक टन. म्हणून ती चिखलावरून तरंगत जावी तशी निघते. गार्ड, विंच, कॅरिअर यांचे दीडशे किलो तिच्यावर लादलेस, तर ज्या गुणासाठी ती घेतलीस तोच गेला. टायरचे गणित मी स्वतः मांडून पाहिले आहे. माझ्या गाडीचे मूळ माप २०५/७० आर १५, म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १५ इंची. तू म्हणतोस ते २३५/७५ बसवले तर चाकाचा व्यास सुमारे ६५ मिलिमीटरने वाढतो, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच. वेगाचा काटा ६० दाखवतो तेव्हा खरा वेग ६६ च्या घरात असतो, आणि चढावर इंजिन धापा टाकते. मी २१५/७५ वर थांबलो आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

मी खर्च केला तो खालच्या अंगावर. पाटे उतरवून त्यांचे बुश, शॅकल आणि यू-बोल्ट नवे घातले, ब्रेकच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या, चासी घासून तिला गंजरोधक लेप दिला आणि ओढण्याचे हूक पुढे-मागे थेट चासीला बोल्टने आवळले. बंपरला दोर बांधून ओढू नये, तो उपटून येतो. पुढच्या चाकांना हाताने फिरवून लॉक करायचे हब लावले; ते लॉक केल्याशिवाय पुढच्या चाकांपर्यंत इंजिनाची ताकद पोहोचत नाही. पहिल्या पावसाळ्यात हेच हब लॉक करायचे मी विसरलो होतो. गगनबावड्याच्या आमच्या वाडीखाली, भाताच्या खाचराशेजारी, फोर बाय फोरची (चारही चाकांना ताकद देणारी) दांडी टाकूनही फक्त मागचीच चाके फिरत राहिली आणि गाडी अ‍ॅक्सलपर्यंत रुतली. शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने टोचन करून काढावी लागली. आता मातीला लागण्याआधी उतरून दोन्ही हब लॉक करतो, टायरमधली हवा थोडी कमी करतो, आणि डांबरी रस्ता लागताच फोर बाय फोर काढतो. कोरड्या डांबरावर ते तसेच ठेवले तर पुढचे-मागचे अ‍ॅक्सल एकमेकांशी झगडतात आणि गिअरांवर ताण येतो.

कायद्याकडेही दुर्लक्ष करू नकोस. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले आहे. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करण्याचे केंद्राचे आदेश तर डिसेंबर २०१७ पासूनच आहेत. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. अशा गाडीपुढे कडक लोखंड लावले की धडकेचा आघात थेट चासीवर आणि आतल्या माणसांवर येतो. आणि दिव्यांची ती पट्टी घाटात समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवते. ती लावू नकोस, ही माझी मनापासून विनंती आहे.

माझी गाडी कराडजवळच्या एका शेतकऱ्याकडून २ लाख ६० हजारांना मिळाली आणि दुरुस्तीला सव्वा लाख लागले. रंग अजून जुनाच आहे. बोनेटवर उन्हाने चट्टे पडले आहेत. पण गेल्या आषाढात, आईला ताप भरला तेव्हा, वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतचे तीन किलोमीटर त्या गाडीने लो गिअरमध्ये एकदाही न थांबता काढले.

तेव्हा इसार अजून देऊ नकोस. चासीचे, पाट्यांच्या ब्रॅकेटचे आणि मॅटखालच्या पत्र्याचे फोटो दिवसाउजेडी काढून पाठव, आरसीची प्रतही पाठव. ते पाहून गाडी बरी वाटली तर मी मिस्त्रींना घेऊन चंद्रपूरला येतो. त्यांना विचारले आहे, ते तयार आहेत. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना सोबती