आधी चाचणी, मग घोषणा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेच्या नियोजित ‘गोल्डन डोम’ क्षेपणास्त्र-कवचाचं कौतुक करणारा लेख आपल्या अंकात वाचला. या योजनेला विरोध करणारे लोक शांततेची स्वप्नं पाहणारे भाबडे आहेत, असा त्याचा सूर होता. मी त्या जातीचा नाही. एकतीस वर्षं मी अमेरिकेत सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेण्याचं काम केलं आणि निवृत्तीनंतर कॅलिफोर्नियात लोम्पोक इथे राहतो. माझा आक्षेप माझ्या धंद्याचा आहे, म्हणून हे पत्र.

लोम्पोकच्या शेजारीच वँडेनबर्गचा लष्करी तळ आहे. अमेरिकेवर येणारं क्षेपणास्त्र वाटेत पाडण्यासाठी जमिनीखालच्या विवरांत जी ४४ इंटरसेप्टर क्षेपणास्त्रं सज्ज ठेवली आहेत, त्यांतली ४ इथे आणि ४० अलास्कात फोर्ट ग्रीलीला आहेत. तळावरून चाचणीचं क्षेपणास्त्र सुटतं ते बहुधा रात्रीच. आधी खिडकीच्या काचा थरथरतात, कपाटातल्या बशा किणकिणतात, मग टेकडीमागचं आभाळ नारिंगी होतं आणि पोटात जाणवणारा घरघराट बराच वेळ घुमत राहतो. अशाच एका रात्री शेजारच्या आजी अंगावर शाल घेऊन अंगणात आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, नौदलातल्या माणसाच्या विधवा. म्हणाल्या, “असं एखादं कुणी आपल्यावर सोडलं, तर ही मुलं ते अडवतील ना?”

मला ‘हो’ म्हणता आलं नाही. का, ते सांगण्यासाठी थोडं मागे जातो.

नोकरीतल्या सुरुवातीच्या वर्षांत रुग्णाच्या उशाशी लावायच्या एका यंत्राचं सॉफ्टवेअर माझ्याकडे तपासायला होतं. पहिले दोन दिवस यंत्र उत्तम चालायचं. पाच-सहा दिवस सलग चालू ठेवलं की त्याचं घड्याळ हळूहळू मागे पडायचं. मी अहवाल दिला. वरिष्ठ म्हणाले, “इतके दिवस न थांबता कोण चालवतं?” विक्रीची तारीख जाहीर झाली होती आणि तेवढ्याने चर्चा संपली. मी सही दिली नाही, तर दुसऱ्याची घेतली. तीन महिन्यांनी एका परिचारिकेच्या लक्षात आलं की यंत्रातल्या नोंदींच्या वेळा भिंतीवरच्या घड्याळाशी जुळत नाहीत. सगळी यंत्रं परत मागवावी लागली. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, हे नशीब.

दाहरानमध्ये ते नशीब नव्हतं. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध. सौदी अरेबियातल्या दाहरानला तैनात असलेली पॅट्रियट या क्षेपणास्त्रं हवेत पाडणाऱ्या यंत्रणेची एक तुकडी १०० तासांहून अधिक काळ सलग चालू होती. तिचा संगणक वेळ मोजायचा सेकंदाच्या दहाव्या भागात. आता, एक दशांश ही संख्या संगणकाच्या, फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिताच येत नाही, तिचे अंक संपतच नाहीत. त्या संगणकात जागा २४ बिटांची, म्हणजे अशा २४ अंकांची, त्यामुळे शेपूट तोडावं लागायचं. तुटलेला तुकडा नगण्य, पण तो दर क्षणी साठत गेला आणि १०० तासांत घड्याळ सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं चुकलं. तेवढ्या वेळात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटर पुढे गेलेलं असतं. रडारने आभाळाच्या भलत्याच तुकड्यात पाहिलं, तिथे काही नव्हतं, म्हणून पॅट्रियट सुटलंच नाही. स्कड सैनिकांच्या बराकीवर पडलं आणि २८ अमेरिकन सैनिक गेले.

यंत्र फार वेळ चालू राहिलं की नेम ढळतो, हे इस्रायलने दोन आठवडे आधीच कळवलं होतं. लष्कराने तुकड्यांना इशाराही धाडला, पण ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, ते त्यात नव्हतं. इतका वेळ सलग कुणी चालवणार नाही, असं वरच्यांनी गृहीत धरलं होतं. संसदेच्या लेखापरीक्षकांच्या अहवालात हे वाचलं तेव्हा मला माझ्या वरिष्ठांचा आवाज ऐकू आला. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दाहरानला पोचलं २६ फेब्रुवारीला. एक दिवस उशिरा.

त्याआधी दहाच दिवस, १५ फेब्रुवारीला, अध्यक्ष थोरल्या बुश यांनी पॅट्रियट बनवणाऱ्या कारखान्यात कामगारांसमोर सांगितलं होतं की ४२ पैकी ४१ स्कड पाडली. युद्ध संपल्यावर लेखापरीक्षकांनी पुरावे तपासले, तेव्हा स्कड नक्की नष्ट झाल्याचा भक्कम पुरावा दहांतल्या एकाही लढतीपुरता पुरत नव्हता. पण तोवर ४१ चा आकडा देशाच्या मनात घट्ट बसला होता. राष्ट्रीय कवचाची मागणी करणाऱ्या आक्रमक नेत्यांच्या भाषणांमागे पुढची दहा वर्षं तीच पॅट्रियटची चित्रं होती.

या नेत्यांचं म्हणणं पोकळ आहे असं मी म्हणत नाही. ३१ ऑगस्ट १९९८ रोजी उत्तर कोरियाने सोडलेलं क्षेपणास्त्र जपानवरून गेलं. त्याच्या सुमारे दीड महिना आधीच माजी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्या आयोगाने इशारा दिला होता, की असा धोका गुप्तचर खात्याच्या अंदाजापेक्षा लवकर उभा राहील. भीती खरी होती. पण खऱ्या भीतीवर खोटं औषध दिलं तर रोगी अधिक धोक्यात येतो, कारण तो दुसरा इलाज शोधणं थांबवतो. मार्च १९९९ मध्ये सिनेटने ९७ विरुद्ध ३ मतांनी ठराव केला, की तंत्रज्ञान शक्य होताच कवच उभारायचं. ‘शक्य झालं’ हे कुणी ठरवायचं, कोणत्या चाचणीवर, याचं मोजमाप त्यात नव्हतं. ‘सुरक्षेविरुद्ध मत दिलं’ हा डाग निवडणुकीत कुणाला परवडतो? म्हणून दोन्ही पक्षांचे हात वर गेले.

बिल क्लिंटन यांच्याबद्दल मला फार आदर नाही, पण एक गोष्ट त्यांनी नीट केली. जुलै २००० मधल्या चाचणीत इंटरसेप्टरच्या टोकावरचं, शत्रूच्या अस्त्रावर आदळणारं मारक यान त्याच्या रॉकेटपासून सुटंच झालं नाही. १ सप्टेंबरला जॉर्जटाउन विद्यापीठात त्यांनी सांगितलं, की उभारणीचा निर्णय मी घेत नाही, पुरेसा विश्वास अजून बसलेला नाही. निवडणूक तोंडावर असताना हे बोलायला धीर लागतो.

धाकट्या बुश यांच्या काळात उलटं झालं. अशा कवचांवर मर्यादा घालणारा, सोव्हिएत संघाशी केलेला १९७२ चा करार त्यांनी २००२ मध्ये सोडला. ११ डिसेंबर २००२ च्या चाचणीत मारक यान पुन्हा रॉकेटला चिकटून राहिलं. आणि सहा दिवसांनी, १७ डिसेंबरला, व्हाइट हाउसने जाहीर केलं की २००४ मध्ये कवच सज्ज होईल. २००४ म्हणजे निवडणुकीचं वर्ष. जुलै २००४ मध्ये फोर्ट ग्रीलीच्या विवरात पहिलं इंटरसेप्टर उतरवलं. त्याच डिसेंबरात चाचणी घेतली, तर एका किरकोळ म्हणवल्या गेलेल्या सॉफ्टवेअर-दोषामुळे चाचणीचं इंटरसेप्टर जमिनीवरून उठलंच नाही. दोन महिन्यांनी पुन्हा तसंच, तेव्हा प्रक्षेपणस्थळाच्या यंत्रणेमुळे. आजवरच्या मारा-चाचण्यांत यशाचं प्रमाण निम्म्याहून जरासंच वर आहे, तेही चाचणी घेणाऱ्यांनी स्वतःच आखलेल्या परिस्थितीत.

खरी अडचण अवकाशातली आहे. तिथे हवा नाही, म्हणून अण्वस्त्र आणि त्याच्यासोबत सोडलेला हलका फुगा एकाच वेगाने, एकाच वाटेने जातात. हवा असती तर फुगा मागे पडला असता. पंचवीस-तीस फुग्यांत खरं अस्त्र कोणतं, हे इंटरसेप्टरने काही मिनिटांत ओळखायचं. जो देश खंड ओलांडणारं क्षेपणास्त्र बनवतो त्याला फुगे बनवता येणार नाहीत, असं कोणत्या आधारावर धरायचं? एमआयटीचे थिओडोर पोस्टॉल आणि त्यांच्यासारखे अनेक शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच विचारत आले. त्यांना समाधानकारक उत्तर मिळालं नाही, आणि मला सर्वांत जास्त चीड त्याची येते.

आता ‘गोल्डन डोम’. २० मे २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी १७५ अब्ज डॉलर, सुमारे तीन वर्षं आणि जवळपास शंभर टक्के यश, असं तिन्ही एका दमात सांगून टाकलं. संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज असा, की त्यातल्या नुसत्या अवकाशातल्या इंटरसेप्टरांवर वीस वर्षांत १६१ ते ५४२ अब्ज डॉलर लागतील, आणि तेवढ्यात थोपवता येईल तो उत्तर कोरियासारख्या देशाने सोडलेल्या एक-दोन क्षेपणास्त्रांचा मारा. पृथ्वीभोवती फिरणारं यान हव्या त्या क्षणी हव्या त्या जागी नसतं, म्हणून एकासाठी शेकडो फिरत ठेवावी लागतात.

आपल्या लेखात ज्याचा उल्लेखही नव्हता ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. संरक्षण खात्यात शस्त्रांच्या चाचण्यांवर देखरेख करणारं एक स्वतंत्र कार्यालय आहे. ते संसदेने स्थापन केलं १९८३ मध्ये, अध्यक्ष रेगन यांनी अवकाश-कवचाचं भाषण केलं त्याच वर्षी. शस्त्र बनवणाऱ्याने आणि विकत घेणाऱ्याने स्वतःच त्याला उत्तीर्ण ठरवू नये, एवढ्यासाठी. मे २०२५ च्या अखेरीस, ट्रम्प यांच्या घोषणेला आठवडा होतो न होतो तोच, संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी त्या कार्यालयातल्या ९४ माणसांची संख्या जेमतेम निम्म्यावर आणण्याचा आदेश काढला. इतिहासातलं सर्वांत गुंतागुंतीचं शस्त्र मागवायचं आणि लगेच तपासनीस घरी पाठवायचे! माझ्या वरिष्ठांनी निदान एकट्यालाच बाजूला केलं होतं.

मी अमेरिकेचा नागरिक आहे, कर भरतो, म्हणून आमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला आणि दोन्ही सिनेटरांना पत्र लिहिलं आहे. त्यात दोनच मागण्या आहेत. चाचणी कार्यालयाची माणसं परत आणा. आणि अनेक फसवे फुगे सोबत सोडून, इंटरसेप्टर चालवणाऱ्यांना वेळ न कळवता घेतलेली चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत उभारणीला एक डॉलरही मंजूर करू नका.

पाठवण्याआधी मसुदा शेजारच्या आजींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोन वेळा वाचला, ‘फुगे’ म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही केली.

आपला,
एक निवृत्त चाचणी अभियंता,
लोम्पोक, कॅलिफोर्निया