घर बघणाऱ्या मेंबर्ससाठी सूचना

मंडळी, कोथरूडला डहाणूकर कॉलनीजवळ एक 2 बीएचके रिसेलला आलाय, दुसरा मजला, लिफ्ट नाही त्यामुळे आई-बाबा सोबत असतील तर आधी जिना चढून बघा मगच किमतीचं बोलू. बजेट काढताना नुसती किंमत धरू नका, पुण्यात स्टॅम्प ड्युटी 7 टक्के, फक्त बाईच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सूट, वर रजिस्ट्रेशनचे जास्तीत जास्त 30,000. नवीन बांधकामात जीएसटी वेगळा, ओसी (राहायला परवानगीचा दाखला) आल्यावर घेतलं तर तो लागत नाही. महारेरा नंबर (प्रोजेक्टचा सरकारी नोंदणी नंबर) महारेराच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा, ब्रोशरवर छापलाय म्हणून गप्प बसू नका, आणि एरिया कार्पेटच (भिंतींच्या आतली वापरायची जागा) विचारा. व्हिजिटला यायचं असेल तर पर्सनलवर मेसेज करा, ग्रुपवर "इंटरेस्टेड" नको!