क्युबेकमधला डफरीन

मॉन्ट्रियल

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

शनिवार-रविवार आम्ही दोघं क्युबेक शहर बघून आलो. इथून रेल्वेने तीन-सव्वातीन तास लागतात. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून हे पत्र.

बाबा, आपल्या अमरावतीत नुसतं 'डफरीन' म्हटलं की रिक्षावाला थेट बायकांच्या दवाखान्यात नेतो. माझा जन्मही तिथलाच. ज्या डफरीनबाईंनी 1885 मध्ये अशा दवाखान्यांसाठी निधी उभारला, त्यांच्या नवऱ्याचं नाव क्युबेकमधल्या सगळ्यात देखण्या जागेला आहे. कड्याच्या काठाने लांबलचक लाकडी सज्जा, खाली सेंट लॉरेन्स नदी. हिंदुस्थानात व्हाइसरॉय होण्याआधी, 1872 ते 1878, लॉर्ड डफरीन कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता. इंग्रजी फौज 1871 ला निघून गेल्यावर रहदारीला अडचण होते म्हणून तिथल्या वेशी पाडायला घेतल्या होत्या. वेशी रुंद करून पुन्हा बांधा, पण तट राखा, हा आग्रह त्याने धरला. म्हणून तो साडेचार किलोमीटरचा तट आजही उभा आहे. त्यावरून चालताना आपला परकोट, अंबागेट, जवाहर गेट सारखं डोळ्यांपुढे येत होतं. आपल्या परकोटाचीही अशी निगा राखली जावी, असं फार वाटलं.

जवळच्या बागेत एक दगडी स्तंभ आहे. 13 सप्टेंबर 1759 ला इथल्या पठारावर अर्ध्या तासाच्या आत लढाई संपली आणि क्युबेक फ्रेंचांच्या हातून गेलं. इंग्रजांचा वुल्फ आणि फ्रेंचांचा माँकाम, दोन्ही सेनापती त्यात कामी आले. जिंकलेला आणि हरलेला, दोघांचा मिळून हा एकच स्तंभ! मी बराच वेळ तिथून हलले नाही. तो उभारायला पुढाकार घेणारा गव्हर्नर म्हणजे डलहौसीचा बाप. मुलाने 1853 मध्ये निजामाकडून आपला वऱ्हाड घेतला, हे तुम्हीच मला शिकवलंत.

इंग्रजांचं राज्य आलं तरी लोकांनी फ्रेंच सोडली नाही. दुकानात, बसमध्ये, पोरांच्या भांडणातही तीच. तुमचे जावई क्लासात शिकलेलं फ्रेंच धिटाईने बोलत होते आणि समोरचेही कौतुकाने ऐकून घेत होते.

आई, खालच्या जुन्या वस्तीत दगडी घरं, अरुंद गल्ल्या आणि 1688 सालचं चर्च आहे. वर यायला उभ्या पायऱ्या आहेत, पण तू घाबरू नकोस. शेजारीच तारेवर ओढला जाणारा डबा आहे, 1879 पासूनचा. तुझ्या गुडघ्यांना काही त्रास होणार नाही. मेपलचा गरम पाक बर्फावर ओतून काडीला गुंडाळून देतात, तो तुला नक्की आवडेल.

उन्हाळ्यात तुम्ही दोघं याच. बाबांच्या पासपोर्टची मुदत बघून लगेच कळवा, व्हिसाचा अर्ज मी इथून भरते.

तुमची,
ताई