४४८ की ६४०?

सोलापूर, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

दोन वर्षं झाली की रे तुला नीट लिहून. वाढदिवसाला नुसता केकचा इमोजी टाकला तो मी पण धरत नाही, तू पण धरू नको. शिव्या द्यायच्या त्या वाचून झाल्यावर दे. फोनच करणार होतो, पण तू मध्येच बोलतोस, आणि हल्ली मला फोन डाव्याच कानाला लावावा लागतो. गोष्ट त्याचीच आहे.

तब्येत बरी. शुगर काठावर, आईचा गुडघा होता तसाच. झालं.

तर परवा माळा गळाला म्हणून खोकी खाली काढली आणि त्यात पिंक फ्लॉइडच्या पल्स या कॉन्सर्टची डीव्हीडी निघाली. २००६ ची, दोन डिस्कवाली, तीच. चिनू आता अकरावीला आहे, तिनं कव्हर उलटसुलट करून विचारलं, बाबा एकाच डिस्कवर फाइव्ह पॉइंट वन (चहूबाजूंनी येणारा आवाज) दोनदा कशाला दिलंय, एक ४४८ आणि एक ६४० किलोबिट सेकंदाला? आता तूच सांग बे, असा प्रश्न पोरीनं विचारल्यावर माणूस गप्प बसेल का. सगळी कहाणी सांगितली. तू म्हणायचास मिक्स एकच, डॉल्बी एकच, डाळीत पळीभर पाणी कमी-जास्त, बाकी काही नाही. मी म्हणायचो ६४० ला झांजा मोकळ्या होतात. मग तुमच्या हॉलमध्ये टीव्हीवर चादर टाकून (तुझ्या आईनं "नवी चादर आहे ती" म्हणून केलेला दंगा पण सांगितला) तू रिमोट दाबायचास, मी भिंतीकडे तोंड करून सांगायचो. दहापैकी नऊ. त्या पैजेवर तू मला फेब्रुवारी २००७ ला मुंबईत फ्लॉइडमधून बाहेर पडलेल्या रॉजर वॉटर्सच्या शोला नेलंस, तिकीट तुझं. हे मी लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की सुनंदा आता मधूनच उठून कुकर लावायला जाते.

चिनू म्हणाली, परत करू.

डीव्हीडी प्लेअर कधीच मेला. तिनं लॅपटॉपला ड्राइव्ह जोडला, आवाज जुन्या ॲम्प्लिफायरला दिला आणि माझ्या मागे बसून माउसनं ट्रॅक बदलायला लागली. दहापैकी पाच. परत केलं, चार. बाळ्या, नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. वर ती म्हणाली, "टाइम" गाण्याच्या सुरुवातीला ती घड्याळं वाजतात ना, त्यातलं एक बारीक टिकटिकतंय उजव्या बाजूला, ते ऐका. मी ऐकलं. नाही आलं. डोकं फिरवून डावा कान तिकडे केला तेव्हा आलं.

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्या काचेच्या खोलीत बसवलं, कागदावर आलेख काढला, उजव्या कानाची रेघ ४००० हर्ट्झला विहिरीत पडल्यासारखी खाली. आलेख बघून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "माग आहेत का?" मी काही बोललोच नव्हतो. अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये मी २००१ पासून उभा आहे. दप्तराचं टेबल दाराशी आहे आणि बाकी सगळे माग माझ्या उजव्या हाताला, हे मला त्या दिवशी कळलं. तू दिलेले ते कानात घालायचे पिवळे बोळे अण्णांनी बघून "मागाला कोण घाबरतंय" म्हटलं होतं, मग कुठला घालतोय.

असो, कान गेला तर गेला, पन्नाशी आलीच की. मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. तो जुना रिमोट अजून ड्रॉवरमध्ये आहे. सेल नाहीत, रबर चिकट झालंय. परवा रात्री दोनला उठून हातात घेतला आणि बाणाचं बटन दाबलं. टक. चांगला ठणठणीत आवाज येतो रे त्याचा. आणि आठवलं, तू ऑडिओच्या मेनूत जायचास, एकाला टक-टक, दुसऱ्याला टक-टक-टक. म्हणजे मी त्या दिवशी झांजा ऐकत होतो की टिचक्या मोजत होतो? मुद्दाम नाही, आईशप्पथ. पण पाच वर्षं मागाच्या आवाजात बसून धागा तुटलेला नुसत्या कानानं कळायला लागतो, तसं आपोआप झालं असेल तर? मग २००६ ला माझे कान चांगले होते ही एकच गोष्ट मला अभिमानानं सांगता येत होती, ती पण गेली. सुनंदा म्हणते रिमोट फेकून द्या आणि झोपा. तिला हे समजावून सांगणं म्हणजे... तुला माहीत आहे.

आणि तुला तेव्हा कळलं होतं का? खरं सांग. कारण दहाव्या वेळी तू जरा हसला होतास, आणि ती एकच चूक होती. तेव्हा तू मुद्दाम जास्तीचं बटन दाबलंस का बे?

अजून एक कबूल करतो, एकदाच, परत विचारू नको. तुझं आवडतं डेलिकेट साउंड, फ्लॉइडचाच ८८ चा कॉन्सर्ट, नव्यानं काढलंय ते बघितलं, आणि चित्र पल्सपेक्षा भारी आहे. ८८ चा शो पस्तीस एमएमच्या फिल्मवर घेतलाय, त्यामुळे मूळ निगेटिव्हवरून परत काढल्यावर घामाचा थेंब पण दिसतो. पल्स ९४ ला लंडनच्या अर्ल्स कोर्टला व्हिडिओवर घेतलेली, त्यात जेवढं आहे तेवढंच, २०२२ च्या ब्ल्यू-रेला टेप धुऊनपुसून नव्यानं एडिट केली तरी पाण्यातून लोणी थोडंच निघतंय. सहा वर्षं आधीची फिल्म नंतरच्या व्हिडिओला हरवते. पण पल्समध्ये तो आरशांचा गोळा उघडतो, आणि डार्क साइड हा आख्खा अल्बम आहे, तो तुझ्या डेलिकेटमध्ये नाही. "वॉटर्स नाही तर फ्लॉइडच नाही" हे आता बोलू नको, तुझ्या डेलिकेटमध्ये तरी कुठं आहे तो. दोन्हीत कीबोर्डवर रिक राइट आहे, मला तेवढं पुरे.

तुझं काय? बाणेरच्या फ्लॅटचा ताबा मिळाला असं तुझ्या बहिणीनं सांगितलं, अभिनंदन, वास्तुशांतीला बोलावलं नाहीस ते लक्षात आहे. पोराची बारावी झाली ना? वहिनींना नमस्कार. गड्ड्याच्या जत्रेला येणार असशील तर हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट आधी काढ, रिमोट ठेवलाय जपून, सेल घालतो. चादर टाकू, तू भिंतीकडे तोंड कर, मी दाबतो. शेंगाचटणी आई करून ठेवेल.

आणि वॉटर्सचं तिकीट केवढ्याचं होतं ते कळव. मी देतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं भाडं धरू नको, वरचा बर्थ मला दिला होतास.

तुझा,
राजा